उत्तम मोडलेली

विद्यापीठात तिला सगळे कप्पेवाल्या बाई म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. तिला त्याचा राग येत नसे, उलट अंगावर मूठभर मांस चढे. संशोधन माहिती प्रणाली नावाचं जे काही तिच्या खोलीतल्या संगणकात नांदत होतं, ते तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. नव्याने नोकरीला लागलेल्यांना वाटायचं, प्रणाली ही कुणी मुलगीच आहे. "प्रणाली काय म्हणते ते बघून सांगते," असं ती फोनवर बोलली की पलीकडून एखादा भाबडा प्राध्यापक म्हणे, "अहो, मग त्यांनाच द्या ना फोन!"

तर या प्रणालीत विद्यापीठाचा सगळा संसार होता. माणसं एका कप्प्यात: कोण, कुठल्या विभागात, कशातलं जाणकार. त्यांचे लेख आणि पुस्तकं दुसऱ्या कप्प्यात. चालू प्रकल्प वेगळे, संपलेले वेगळे. विद्यार्थ्यांचे प्रबंध, पेटंटं, पुरस्कार, परिषदांतली भाषणं, वर्तमानपत्रांत छापून आलेलं कौतुक, प्रयोगशाळांतली उपकरणं, आणि कुणी मोजून-जमवून ठेवलेली माहिती, तिला म्हणायचं माहितीसंच. शिवाय प्रत्येक गोष्टीचा दुसरीशी धागा जोडलेला. लेख उघडला की तो लिहिणारी माणसं दिसायची, माणूस उघडला की त्याचे प्रकल्प, प्रकल्प उघडला की ज्या यंत्रावर काम झालं ते यंत्र. कोण कुणाचं कोण लागतं हे तोंडपाठ असणारी एखादी खमकी आत्या असते ना, तशी ही प्रणाली.

सगळ्यांत खाली एक कप्पा होता, 'इतर'. त्या कप्प्याचं तिला वावडं होतं. कंटाळलेली विद्वान मंडळी हाताला येईल ते 'इतर'मध्ये ढकलून मोकळी व्हायची, आणि ही दर आठवड्याला तो कप्पा उपसून एकेक नोंद तिच्या घरी पोचवायची. "इतर म्हणजे काय? घरात काय इतर माणसं असतात?" असं ती विचारायची आणि समोरचा डॉक्टरेटवाला ओशाळून खाली बघायचा. एका प्राध्यापकांनी आपल्या पुस्तकाच्या नोंदीत बायकोची भूमिका 'प्रेरणास्थान' अशी टाकायचा हट्ट धरला होता. बाईंनी त्यांना चहा पाजला, पुस्तकाचं तोंड भरून कौतुक केलं आणि नाही म्हणून सांगितलं. जिन्यात गाठून कुणी "माझा तो लेख आला बरं का" म्हणालं, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. "सांगू नका, नोंद करा."

एक गोष्ट मात्र तिच्या मनात सलायची. एवढ्या सगळ्यांची पानं ती सांभाळायची, पण तिचं स्वतःचं पान नव्हतं. प्रणाली पान उघडून द्यायची ती ज्याच्या नावावर एक तरी नोंद आहे त्याला, आणि नोंदी ठेवणारीच्या नावावर नोंद कुठून येणार? मला काय करायचंय पान, असं ती म्हणायची. खोटं होतं ते. तिला पान हवं होतं.

आता सासूबाईंकडे येऊ, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. सासूबाई याच विद्यापीठात प्राध्यापक होत्या. विषय: वस्तू कशा मोडतात. धातू, काच, लाकूड, जे मोडेल ते. निवृत्तीनंतरही मानद म्हणून त्यांच्याकडे तळघरातली एक खोली होती. त्या खोलीत फळ्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर निव्वळ मोडक्या वस्तू. तुटलेले बोल्ट, सायकलीच्या साखळ्या, दुभंगलेले दांडे, बॉयलरचं झाकण, पाळण्याचा हूक, खुर्चीचा पाय. मुलगा, म्हणजे आपल्या बाईंचा नवरा, त्या खोलीला मोडघर म्हणायचा. सासूबाई तिला संग्रह म्हणायच्या, आणि तो दाखवताना त्यांची मान अशी ताठ व्हायची, जणू स्वतःच्या हाताने एकेक वस्तू घडवली आहे.

सासू-सुनेचं वाकडं नव्हतं, पण सूतही कधी नीट जुळलं नव्हतं. त्याचं मूळ होतं एका काचेच्या वाडग्यात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो सुनेच्या हातून फुटला. देखणा, निळसर, सासूबाईंच्या आवडीचा. आता बोलणी बसणार म्हणून ती ओट्यापाशी थिजून उभी राहिली. सासूबाई आल्या, खाली बसल्या आणि तुकडे वेचता वेचता त्यांनी सुरू केलं. कुठल्या हातात होता? हात ओला होता की कोरडा? पाणी किती गरम होतं? निसटून फुटला, की हातातच फुटला?

"निसटला," ती कशीबशी म्हणाली.

"नक्की?"

"माझीच चूक झाली, आई."

सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, सगळे तुकडे, अगदी कण न् कण, एका डब्यात भरले आणि डबा घेऊन निघून गेल्या. चकार शब्दाने रागावल्या नाहीत. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आईला फोन करून ती हमसून हमसून रडली. "उलटतपासणी घेतली गं माझी! आणि तुकडे जपून ठेवलेत, पुढेमागे तोंडावर मारायला." ते तुकडे कधी कुणी तोंडावर मारले नाहीत. पण ती आठवण तिच्या मनात काचेच्या कणासारखी रुतून बसली होती. नवरा विचारी, "अजून तेच धरून बसलीस?" आणि ती म्हणे, "तुला प्रश्न नव्हते विचारले."

या वर्षी विद्यापीठाने फतवा काढला: तळघरातली जागा हवी असेल, तर खोलीतल्या वस्तू प्रणालीत नोंदलेल्या हव्यात. ज्याची नोंद नाही त्याला जागा नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सासूबाईंनी लॅपटॉप उघडला. समोर सून मटार सोलत बसलेली. साऱ्या विद्यापीठात या विषयात ज्याचा शब्द शेवटचा, ते माणूस हाताच्या अंतरावर, पण सासूबाई विचारतील तर शपथ. आणि सूनही मूग गिळून बसली. विचारल्याशिवाय आपण होऊन सांगायला ती काय त्यांची विद्यार्थिनी होती?

"आई, तिला विचार की," मुलगा म्हणाला.

"वाचता येतं मला," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात उपकरणांची निकाली यादी तपासणीसाठी बाईंच्या पडद्यावर आली. हे काम प्रणाली आपसूक करायची. उपकरणांच्या कप्प्यात 'स्थिती' नावाचा रकाना असे: चालू, दुरुस्तीला, मोडलेली. जे मोडलेलं, ते निकाली यादीत, आणि तिथून भंगारात. एरवी यादी चिमूटभर असायची, एखादा जळका पंखा नाहीतर फुटका तराजू. या वेळी ती संपता संपेना. बोल्ट, मोडलेला. दांडा, मोडलेला. हूक, मोडलेला. झाकण, मोडलेलं. आणि प्रत्येक नोंदीपुढे शेरा म्हणून एकच गोष्ट लिहिलेली, मोठ्या दिमाखात: उत्तम मोडलेली.

सासूबाईंनी आयुष्यभराचा संग्रह उपकरणांच्या कप्प्यात घातला होता, आणि स्थिती विचारल्यावर छाती फुगवून खरं ते सांगितलं होतं. मोडलेल्या नसत्या, तर त्या त्यांनी जमवल्या तरी कशाला असत्या? प्रणालीने सगळंच्या सगळं मोडीत काढलं होतं. शुक्रवारी भंगारवाल्याचा ट्रक यायचा होता.

कप्पा बदलायला एक बटण पुरे होतं, आणि ते दाबायचा हक्क सबंध विद्यापीठात तिच्या एकटीकडे होता. बोट बटणापर्यंत गेलंही. पण तिथेच थांबलं. उद्या कुणी म्हटलं असतं की कप्पेवाल्या बाईंनी घरच्या माणसासाठी कप्पा बदलला, तर तिची इतक्या वर्षांची ताठ मान खाली गेली असती. प्रेरणास्थानवाले प्राध्यापक तर दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते.

घरी तिने चपलाही न काढता सांगितलं, "आई, तुमचा संग्रह निकालात निघालाय."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. तिने त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "मी खोटं काही भरलेलं नाही."

"खोटं नाही हो. पण ती उपकरणं नाहीतच मुळी! उपकरण म्हणजे ज्याने मोजतात ते. तुमच्या वस्तूंवरून माहिती मिळते, तर त्या माहितीसंचात जायला हव्यात."

"मग घाल."

"मी नाही घालणार."

नवरा हळूच उठून दुसऱ्या खोलीत सटकला.

"मी घातलं तर ते सुनेने घातलं असं होईल," ती म्हणाली. "तुमचा संग्रह काही वशिल्यावर जगवायच्या लायकीचा नाही, आई. आमच्या विभागाच्या संचालकांना खाली आणते. तुम्ही त्यांना दाखवा, निर्णय त्यांचा. त्यांनी नाही म्हटलं तर..."

"तर ट्रक."

"हो."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, त्या दिवशी ओट्यापाशी पाहिलं होतं तसंच. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. असं वाक्य या घरात याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

तिने संचालकांना पत्र धाडलं: या नोंदींचा कप्पा चुकला आहे असं माझं मत आहे. नोंदी माझ्या सासूबाईंच्या आहेत, म्हणून निर्णय मी घेणं योग्य नाही. संचालक मूळचे इतिहासाचे प्राध्यापक, माणूस भला, पण तळघरात उतरायचा कंटाळा. त्यांनी फोन केला. "अहो, तुम्हीच करून टाका ना. तुमच्यावर कोण बोट दाखवणार?"

"दाखवत नाहीत, कारण मी असं करत नाही, सर."

शुक्रवारी संचालक तळघरात पोचले, तेव्हा स्टोअरवाल्यांनी निम्म्या फळ्या रिकाम्या करून गोण्या भरल्या होत्या. ट्रक बाहेर उभा. सासूबाई दारात इस्त्रीची साडी नेसून, हात मागे बांधून उभ्या. रडणं नाही, विनवणी नाही.

"मॅडम, माफ करा," संचालक म्हणाले, "पण मला तर हे... म्हणजे, भंगारच दिसतंय."

"तुम्ही खाली कसे आलात?"

"लिफ्टने."

सासूबाईंनी एक गोणी सोडायला लावली आणि एक जाडजूड दांडा दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे धरला. "हा वर्कशॉपमधल्या क्रेनचा. मोडला तेव्हा सुदैवाने खाली कुणी नव्हतं. हा तडा बघा, खाचेच्या या कोपऱ्यातून निघालाय. समुद्र ओसरताना वाळूवर रेघा राहतात, तशा रेघा आहेत ना? रोज थोडाथोडा वाढत गेला. मी म्हटलं, अशी खाच आणखी कुठल्या दांड्याला आहे? तर लिफ्टच्या." त्यांनी दुसरा दांडा दाखवला. "हा त्या लिफ्टचा. काढून बघितला, तर त्याच कोपऱ्यात तडा निम्म्यावर आलेला. वेळेत बदलला, म्हणून तुम्ही आज लिफ्टने आलात."

संचालकांनी दोन्ही दांडे निरखले. मग त्यांनी वर, लिफ्टच्या दिशेने बघितलं.

"लोक या वस्तू तुम्हाला आणून देतात?"

"देतात, आणि कशी मोडली ते खरं सांगतात. कारण मी कुणाला रागवत नाही. हीच माझी पद्धत. रागावलं की माणूस खोटं बोलतं, आणि मग तड्याचा माग लागत नाही. म्हणून आधी प्रश्न: कुठल्या हाताने, किती जोराने, ओलं होतं का, गरम होतं का. क्रेनवाला असो, शाळेतला शिपाई असो, नाहीतर..." बोलता बोलता त्या मागच्या फळीकडे वळल्या आणि त्यांनी एक डबा काढला. "नाहीतर माझी सून असो."

डब्यात निळसर काच होती. तुकडे जागच्या जागी चिकटवून पुन्हा वाडगा उभा केलेला, आणि प्रत्येक तडा उजेडात लखलखत होता. निघालाच शेवटी, सून मनात म्हणाली, आणि तोही संचालकांसमोर.

"ही म्हणाली निसटला," सासूबाई सांगत होत्या. "तडा म्हणाला, नाही. इथे बघा, जाडीच्या मधोमध. वाळूचा एक कण वितळायचा राहून गेलाय. त्याच्याभोवती काच आरशासारखी गुळगुळीत आहे, म्हणजे सुरुवात इथून. गरम पाणी पडलं आणि वाडगा हिच्या हातातच फुटला. पडला तो नंतर. निसटला असता, तर तडे कडेपासून निघाले असते. दोष काचेचा होता, पोरीचा नव्हता. पण घाबरून तिने तो स्वतःवर घेतला. माझ्या सगळ्या संग्रहात एवढी एकच वस्तू आहे, जी मोडणाऱ्या माणसाने काहीही चूक नसताना स्वतःला दोषी म्हटलंय. मी हा दरवर्षी पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना दाखवत आले."

सुनेच्या तोंडून शब्द भडाभडा बाहेर पडले. "आई! मला इतकी वर्षं वाटतंय की मी... मला सांगितलं का नाहीत?"

सासूबाई खरोखरच गोंधळल्या. "सांगायचं काय त्यात? डब्यावर नोंद केली होती की!"

आयुष्यभर ती जिन्यातल्या विद्वानांना हेच तर बजावत आली होती. तिला हसू फुटलं, हसता हसता डोळे भरून आले, आणि तिने सरळ सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. स्टोअरवाले उगाच गोण्यांच्या गाठी बघत राहिले.

संचालकांनी घसा खाकरला. "माहितीसंच," ते म्हणाले. "निर्णय माझा. लेखी देतो. आणि ट्रक परत पाठवा." मग ते जिन्याने वर गेले.

तिचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी सासूबाई प्रथमच सुनेच्या कचेरीत आल्या. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि, काय सांगावं, विचारायला लागल्या. हे कुठे भरायचं? हा धागा कसा जोडायचा? सून सांगत होती, सासू टिपून घेत होती. एकेक वस्तू उपकरणांच्या कप्प्यातून उठून माहितीसंचात जाऊ लागली: कशाची, कशी मोडली, तडा कुठून निघाला, संकलन कुणाचं. होता होता वाडग्याची पाळी आली.

"यात मोडणाऱ्याचं नाव हवं," सासूबाई म्हणाल्या. "कुणी मोडली हे नसेल, तर कशी मोडली ते अर्धंच कळतं. क्रेनवाल्याचं हवं, शिपायांचं हवं, तुझंही हवं."

तिने व्यक्तीच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. पुढे भूमिका. यादी उघडली: लेखक, मार्गदर्शक, संपादक, संकलक, छायाचित्रकार.

"मोडणारी नाही यात?"

"नाही, आई. शेवटचं घेऊया." आणि सवय नसलेल्या जिभेने ती बोलून गेली, "इतर."

"इतर?" सासूबाईंचा आवाज असा चढला की शेजारच्या खोलीतल्या खुर्च्या वाजल्या. "माझी सून इतर?"

तिची मान शरमेने खाली गेली आणि अभिमानाने तिथल्या तिथे वर आली. तिने संचालकांना फोन लावला, नव्या भूमिकेची गरज रीतसर समजावली, त्यांची मंजुरी नोंदीला जोडली आणि ज्या यादीत प्रेरणास्थानाला जागा मिळाली नव्हती, त्या यादीत एक शब्द वाढवला. मग बटण दाबलं.

पान उघडलं. वर तिचं नाव, खाली एकच ओळ: काचेचा वाडगा. संकलन, सासूबाईंचं नाव. मोडणारी, ती. धागा जोडला गेला होता. एकीच्या नावावर बोट ठेवलं की दुसरीचं पान उघडत होतं. तिने ते दोनदा करून पाहिलं. सासूबाईंनीही केलं.

"स्थिती राहिली," सासूबाई म्हणाल्या.

"माहितीसंचाला स्थिती नसते, आई."

"शेरा तर असतो?"

"शेरा असतो."

"मग लिही की," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत रेलून बसल्या.

तिने लिहिलं.